नवरीच्या गाडीचं लाल पाणी

“आधीच सांगून ठेवतो, यावर इथल्या एकाचाही विश्वास बसणार नाही,” लुआन द-हाय म्हणाला आणि खांद्यावरचं पोतं उतरवावं तसं त्यानं स्वतःला खुर्चीत टाकलं.

विचारलं होतं नवऱ्या मुलाच्या आईनं, यूबाईंनी, आणि तेही भरल्या पंगतीत. आंबवलेल्या कोबीतलं डुकराचं मटण वाफाळत होतं, अख्खा मासा नुकताच टेबलावर आला होता, आणि बाईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवून म्हटलं होतं, “मामा, तुमच्या गाडीला दारूच्या गुत्त्याचा वास येतोय. आणि आहेराच्या टोपलीतल्या दोन्ही बाटल्या कुठायत?”

प्यालो म्हणावं, तर नवरीचा मामा दारू पिऊन गाडी हाकतो असं होणार. खरं सांगावं, तर त्याहून वाईट. चीनच्या ईशान्य टोकाला, चियामुसच्या बाजूला, नवरीची गाडी एकदा माहेरून निघाली की सासरच्या दाराशिवाय थांबत नाही, आणि आल्या रस्त्यानं परत जात नाही. यूबाईंच्या थोरल्याच्या लग्नात गाडी रेल्वेच्या फाटकाशी अडकली होती. पुढं थोरली सून माहेरी गेली ती आलीच नाही. बाईंनी सगळं खापर फाटकावर फोडलं, मुलावर नाही.

आणि आज द-हायची गाडी थांबली होती. चांगली घटकाभर.

भाची शुए-लान लाल पोशाखात त्याच्या शेजारीच बसली होती. या घरात ती पायगुणाची ठरणार की अपशकुनी, ते आता मामाच्या जिभेवर होतं. ती जीभ मात्र झोपेनं जड झाली होती. आठवडाभर द-हाय स्टेशनवरची भाडी मारत होता, गाडीतच पेंगत होता, आणि नवऱ्याकडच्या गाडीचं इंजिन थंडीनं धरल्यामुळं आज पहाटे त्याच्याच गाडीला लाल फुलं चिकटवली गेली होती.

चूक मात्र कालच झाली होती, दुकानात.

“निळं द्या,” द-हाय दुकानदाराला म्हणाला होता. “उणे चाळीसचं.”

“निळं?” त्याची बहीण, नवरीची आई द-फांग, मधेच उसळली. “लग्नाची गाडी आहे का मयताची? माझ्या लेकीपुढं निळं पाणी उडवत जाणार?”

“अगं, काच धुवायचं पाणी ते. पत्रिकेवर छापायचंय का?”

“ते बघ, लाल आहे की! कसं गुलाबासारखं दिसतंय.”

“ताई, ते उणे दहाचं, त्याखाली गोठतं,” दुकानदार म्हणाला. “दक्षिणेतला माल. तिकडं थंडी म्हणजे स्वेटर मिरवायची हौस.”

“इथं विकायला ठेवलंय ना? मग इथं चालणारच.”

बाहेर पारा उणे पंचवीसच्या खाली गेला होता. द-हायची निम्मी हयात गाडीत गेली होती. एरवी तो नव्या पाण्याची बाटली रात्रभर खिडकीबाहेर ठेवायचा आणि सकाळी हलवून बघितल्याशिवाय टाकीत थेंब ओतायचा नाही. पण वाद घालण्यापेक्षा डबा उचलायला कमी ताकद लागते. त्यानं लाल डबा उचलला.

“तर बांधावरच्या जुन्या रस्त्याला लागलो,” तो आता यूबाईंना सांगू लागला, “आणि समोरून मक्याचा ट्रक. रस्त्यावर टाकलेलं मीठ, चिखल, बर्फ, सगळं आमच्या काचेवर. मी पाणी उडवायची दांडी ओढली. फुर्र! लाल पाणी उडालं आणि उडालं तिथंच गोठलं. पाकात घोळलेली लाल फळं मिळतात ना काडीवर? तसल्या एका फळात बसून मी गाडी हाकत होतो.”

इथवर सगळं खरं होतं.

“मग थांबलात?” यूबाईंनी विचारलं.

“थांबतोय कुठला! नवरी आहे गाडीत!”

खरं तर तो तिथंच थांबला होता. एका अंगाला नदी, पुढं काही दिसेना, दुसरं काय करणार? तो सीटबेल्ट सोडेपर्यंत शुए-लान लाल बूट घालून बर्फात उतरली होती आणि कंगव्यानं काच खरवडत होती. “मामा, तुम्ही बसा, तुमचे डोळे बघा कसे झालेत,” असं वर म्हणाली होती.

“मान खिडकीबाहेर काढली,” द-हाय म्हणाला, “आणि हाकली गाडी. मिशी गोठून बाजूच्या आरशाला चिकटली. मान वळवली की आरसा वळायचा, म्हणून मागचंही बघता येईना. डोळ्यांतल्या पाण्याचे मणी झाले, टपटप खाली. तेवढ्यात एक पिवळा कुत्रा आला. गाडीच्या पुढं धावायला लागला. शेपटी डावीकडे, की मी डावीकडे. शेपटी उजवीकडे, की मी उजवीकडे.”

“लायसन होतं का कुत्र्याकडे?” नवऱ्याचे चुलते म्हणाले.

“होतं. माझ्यापेक्षा जुनं.”

टेबल हसलं. यूबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी काड्या पुन्हा हातात घेतल्या. द-हायला जरा धीर आला.

“आणि दारू?” बाईंनी विचारलं.

“तेच सांगतोय. मागं नवरीशेजारी बसलेल्या जावईबापूंना म्हटलं, काढा बाटल्या. ज्वारीची, साठ टक्क्यांची. लाल पाणी गोठेल, मी गोठेन, ती नाही गोठणार! झाकण दातानं उघडलं, हात बाहेर, आणि काचेवर धार. बर्फ असा सुटला, जशी उकडलेल्या बटाट्याची साल.”

नवरा मुलगा केमिंग वाटीतल्या भाताकडे एकटक बघत होता. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खोटं ऐकताना चेहरा कुठं ठेवावा तेही कळत नव्हतं.

“कुत्र्याचं काय झालं?” चुलत्यांना आता राहवेना.

“त्या वासानं झिंगला बिचारा. तिरपा पळायला लागला. मग मीही तिरपा! शहराच्या वेशीपर्यंत आम्ही दोघं तिरपेच आलो.”

आता यूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. शुए-लाननं टेबलाखालून मामाचा गुडघा दाबला. पुरे, असा त्याचा अर्थ होता. त्यालाही ते कळलं होतं. पण खोली गरम होती, पोटात गरम सूप गेलं होतं, आणि डोळे मिटत असताना नवं काही रचण्यापेक्षा घडलेलं आठवणं फार सोपं होतं. घडलेलं आपोआप बाहेर आलं.

“एक बाटली अशी संपली. मग बॉनेट उघडलं, दुसरी सरळ पाण्याच्या टाकीत ओतली, गाडी जरा गदगदा हलवली, आणि काय सांगू, पुढं सगळ्या रस्त्याला कसा झकास फवारा—”

केमिंगची काडी वाटीत पडली. शुए-लाननं डोळे मिटून घेतले.

“काय उघडलं?” यूबाईंनी विचारलं.

द-हायनं तोंड उघडलं. कुत्र्याला पुन्हा बोलवावं असं मनात आलं, पण तेवढीही ताकद उरली नव्हती.

“बॉनेट,” तो म्हणाला.

यूबाई उठून उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या टेबलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “चालत्या गाडीचं बॉनेट उघडलंत? थांबली होती गाडी, मामा, धडधडीत थांबली होती, आणि मला कुत्री दाखवताय! थांबली नसती तर माझा पोरगा आणि सून आत्ता नदीच्या बर्फावर असती. शुए-लान, तू उतरली होतीस ना? त्याशिवाय बुटांचा रंग असा उतरत नाही. माझ्या पिशवीत लोकरीचे मोजे आहेत, ते घाल आधी. आणि या खोटारड्या माणसाला कुणीतरी आडवं करा रे, बसल्या जागी पडेल!”