सासूबाईंचा एकच शब्द

सासूबाईंना, मालनबाईंना, लकवा मारून तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या तोंडात एकच शब्द उरलाय, 'मुडद्या'. तहान लागली तरी मुडद्या, अंथरूण ओलं झालं तरी मुडद्या. दर दोन तासांनी मी त्यांची कूस बदलते. त्यात माझी कंबर कामातून गेली, पण तिला कोण विचारतंय?

काल धाकटे दीर, प्रणयभाऊजी, वर्षभरानं पुण्याहून मुकुंदवाडीला उगवले, तेही सफरचंदं घेऊन. आईला पेजेशिवाय काही गिळता येत नाय, हे या लाडक्या लेकाच्या गावीही नव्हतं!

"वहिनी, तुमचं बरंय, तुम्ही घरीच असता," म्हणाले आणि माझ्या हातात मोबाईल दिला. "मी आईची सेवा करतो, तुम्ही व्हिडिओ काढा. स्टेटसला लावतो."

सेवा म्हणजे काय, तर सासूबाईंचा लुळा हात धरून त्यांना खसकन ओढलं.

"मुडद्या!" सासूबाई किंचाळल्या.

भाऊजींचे डोळे भरून आले. "वहिनी, आई बोलली!"

"व्हय," मी म्हणाले, "रोजच बोलतात. आज पहिल्यांदा बरोबर माणसाला बोलल्या."