समासातले प्रश्न

मी एक जुना प्रिंटर आहे, आणि त्या शनिवारी काही वेगळं घडतंय असं मला मुळीच वाटलं नाही.

मित्रांनो, सकाळी दहाला बाबांनी माझ्यावरचं फडकं काढलं आणि घडी करून खिडकीत ठेवलं. कागदांचा गठ्ठा पत्त्यांसारखा फडफडवला, टेबलावर चारही बाजूंनी ठोकून सरळ केला आणि माझ्या पोटात सरकवला. मी त्यांना बाबा म्हणतो, कारण या घरात त्यांना हाक मारणारी एकच व्यक्ती होती, त्यांची मुलगी, आणि ती बाबाच म्हणायची. ती दूर दुसऱ्या शहरात नोकरीला होती.

दुपारी त्यांनी तिला फोन लावला. फोन नेहमी स्पीकरवर असे, बाबांना दोन्ही हात मोकळे लागत.

"बाळ, घाईत आहेस का?"

"मीटिंग आहे बाबा. पटकन बोला."

"काही नाही गं. मजकुराच्या कडेला मी टिपा लिहून ठेवतो ना, त्या पडद्यावरून घालवल्यात मी. फार लुडबुडतात. पण कागदावर हव्यात."

"कशाला पण?"

"हव्यात जरा."

"उद्या रविवारच आहे, उद्या बघू. आता काही दाबत बसू नका."

"बरं बरं. जेवलीस का?"

तोवर फोन बंद झाला होता.

दाबत न बसणं बाबांना जन्मात जमलं नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून, नाक पडद्याला टेकवून ते एकेक चौकट उघडत गेले. तासाभराने एका चौकटीत त्यांना 'टिपा समासात छापा' अशी ओळ सापडली. त्यांनी तिच्यापुढे खूण केली आणि मी एक पान काढलं. उजव्या बाजूला टिपांची पट्टी आली होती. "जमलं की म्हाताऱ्या," ते स्वतःलाच म्हणाले. मग पान डोळ्यांजवळ नेलं. "अक्षर बारीक झालं मात्र. उद्या विचारू." आणखी काहीतरी टाइप करून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि मला फडक्याने झाकलं.

रविवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या माणसांचे चेहरे आठवत नाहीत, हातमोजे तेवढे आठवतात. मला विकत घेतलं ते या मुलीने. बाबा तेव्हा नुकतेच छापखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे ते बत्तीस वर्षं जुळारी होते. शिशाच्या एकेका खिळ्यावर एकेक उलटं अक्षर असतं. ते खिळे वेचून ओळ जुळवतो तो जुळारी. मला खोक्यातून बाहेर काढल्यावर त्यांनी माझी सगळी झाकणं उघडून पाहिली.

"याचे खिळे कुठे असतात?"

"नसतात बाबा."

"मग हा छापतो कशाच्या जोरावर?"

पहिलं वर्षभर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मी काढलेल्या प्रत्येक पानाला ते पोलादी पट्टी लावत. पडद्यावर अक्षरं चिकटलेली दिसली की, खिळ्यांमध्ये पत्र्याचे तुकडे घालावेत तशा मधल्या जागा एकेक करून वाढवत, आणि कागदावर ओळ पडक्या दातांसारखी विरळ आली की मला दोष देत. मग फोन जाई.

"पडद्यावर अक्षर एवढं टपोरं, आणि कागदावर होतं तेवढंच."

"तुम्ही नुसतं झूम केलंय बाबा. भिंगातून पाहिलं म्हणून माणूस मोठा होतो का?"

"आमचे साहेब व्हायचे," बाबा म्हणत. पलीकडे ती हसत असे. पुढेपुढे कमी हसू लागली.

एक गंमत सांगतो. जुळाऱ्याला उलटं अक्षर सरळ अक्षरापेक्षा लवकर वाचता येतं. आरशातल्यासारखं छापायची सोय माझ्यात आहे, हे कळल्यावर बाबा लहान मुलासारखे खूश झाले. ते आधी उलटं पान काढत, चुका टिपत आणि मग सरळ छापत. एकदा ती सोय बंद करायची राहिली आणि शेजारणीचा नोकरीचा अर्ज तसाच गेला. दुसऱ्या दिवशी ती कागद फडकवत दारात उभी.

"काका, आता साहेबांनी आरसा घेऊन बसायचं का?"

"वहिनी, एकही चूक सापडणार नाही त्यात," बाबा म्हणाले. हसतहसत तिने दुसरी प्रत नेली. पुढे तिचे सगळे अर्ज मीच छापले. त्या दिवसांत या खोलीत सारखी वर्दळ असे, आणि माझ्या पोटात कागद टिकत नसे.

बाबा गेले आणि पाच आठवडे मला कुणी हात लावला नाही. फडक्यावर धूळ बसली. मी मनात म्हटलं, आता आपली जागा माळ्यावर.

मग ती घर आवरायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत तेलकाका आले. बाबांच्या छापखान्यात ते यंत्र चालवायचे. अंगाला कायम वंगण, म्हणून हे नाव. त्यांची नजर महिन्यामहिन्याला मावळत होती. त्यांच्यासाठीच बाबांनी छापखान्यातल्या दिवसांचं एक पुस्तक लिहिलं होतं, चौसष्ट पानांचं, नखाएवढ्या अक्षरात.

"पोरी, घाई करायला नको होती मी," तेलकाका म्हणाले. "पण डॉक्टर म्हणतात, वर्षअखेरपर्यंत दिसेल तेवढं बघून घ्या. तेवढ्यात ते वाचायचं होतं. दुसऱ्याने वाचून दाखवलं तर त्यात आमच्या शिव्या गाळतील."

तिने फाइल उघडली. पडद्यावर सगळं स्वच्छ होतं, टिपा नव्हत्या, अक्षरं टपोरी होती. तिने छापायला सांगितलं आणि मी पान काढलं: मजकूर आकसलेला, उजवीकडे करड्या बारीक अक्षरांची पट्टी. तेलकाकांनी कागद नाकाला लावला.

"ओळी आहेत एवढं कळतंय. अक्षरं काही लागत नाहीत."

तिने कागदाचा आकार तपासला, तो बरोबर होता. स्केल शंभर टक्के होतं. समास कमी करून पाहिले. माझी वायर काढून पुन्हा लावली. मी पुन्हा तसंच पान काढलं, आणि पुन्हा. माझी शाई संपत आली होती. शाईचा दिवा लुकलुकू लागला तसा तिचा आवाज चढला.

"स्क्रीनवर तर सगळं नीट दिसतंय. हा मुद्दाम करतोय."

"यंत्राशी भांडू नये गं," तेलकाका म्हणाले. "ते सांगितलेलंच करतं. बाजूला काय छापलंय ते वाचलंस का? डोळे माझे गेलेत, तुझे शाबूत आहेत."

तिने खिडकीशी जाऊन कागद उजेडात धरला.

'ओळी सुट्या करायला मध्ये शिसपट्टी घालतात, ती जागा इथे कुठे? मुलीला विचारणे.'

'पान संपायच्या आधीच नवं पान का येतं? विचारणे. सकाळी नको, तिची घाई असते.'

'संध्याकाळीही नको, दमलेली असते. रविवारी सगळे एकदम. कागदावर घेऊन बसावं, म्हणजे तिचा वेळ जाणार नाही.'

आणि सगळ्यांत खाली: 'टिपा कागदावर आणायचं आपलं आपण सापडलं. छापायच्या चौकटीत, तिसऱ्या भागात, तळाशी. पण त्याने पान लहान होतं. असं का? विचारणे.'

तिने शेवटची टीप पुन्हा एकदा वाचली. मग येऊन बसली, तिसऱ्या भागात तळाशी गेली आणि ती खूण काढली. पुढचं पान मी पूर्ण मापाचं काढलं. चौसष्टच्या चौसष्ट पानं काढली. शेवटची चार फिकट आली, पण वाचता येण्याजोगी होती. तेलकाकांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि अडखळत, मोठ्याने, ती स्वतः वाचली. "शिवी आहे," ते म्हणाले, आणि गठ्ठा छातीशी धरून निघाले.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला फार कळत नाही. पण एवढं सांगतो: म्हाताऱ्या यंत्राला गरम व्हायला थोडा वेळ लागतो, म्हाताऱ्या माणसालाही. तेवढा वेळ त्याच्याजवळ उभे राहा. आणि तो माणूस तुम्हाला तेच ते विचारत असेल, तर त्याला तुमच्याशिवाय दुसरं कुणी विचारायला नाही, हे लक्षात ठेवा.

तेलकाका गेल्यावर तिने दार लावलं. ती खूण पुन्हा केली आणि उरल्यासुरल्या शाईत टिपांची अकरा पानं काढली. बाबांच्या खुर्चीत बसून ती एकेका प्रश्नाचं उत्तर मोठ्याने देऊ लागली. शिसपट्टीची जागा सांगितली. टिपांनी पान लहान का होतं ते सांगितलं. नवं पान आपोआप का येतं, तिथे मात्र थांबली.

"हे मला येत नाही, बाबा," ती म्हणाली. "पुष्कळदा यायचंच नाही. तुम्ही फोन धरून थांबायचात तेव्हा मी इकडे शोधत असायचे, आणि सापडलं नाही की तुमच्यावर चिडायचे. माझ्या मुलीला सगळं येतं, असं तुम्ही लोकांना सांगायचात. मला ते खोटं पडू द्यायचं नव्हतं."