सुमंगलेच्या सात ओळी

या, असे पुढे सरकून बसा. पखवाजाला अजून कणीक लागायची आहे, बुवांना यायला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, आपल्या सुर्ल्याच्या शिवदासाची. पण देवळातच सांगावी अशी.

पणजीच्या एका कॉलेजात, गणिताच्या प्राध्यापकांच्या दाराबाहेर शिवदास बाकावर बसला होता. मांडीवर पाच वह्या, पोथी बांधतात तशा लाल कापडात बांधलेल्या. गोवा राज्य झालं त्याच सालची गोष्ट. येताना बसमध्ये राज्यावरून आणि भाषेवरून एवढी हमरीतुमरी चालली होती की शेजारच्याने यालाही विचारलं, तुमचं काय मत? शिवदासाने पिशवी छातीशी धरली आणि म्हणाला, मी आकड्यांच्या कामाला चाललोय.

काम असं होतं. शिवदास खाणीवर सर्व्हेअरचा मदतनीस. खनिजाच्या राशी मोजायच्या आणि लांबी, रुंदी, उंचीचे गुणाकार लॉगच्या कोष्टकातून काढायचे. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते, हे त्याचं वैभव. पण दोन राशी एकत्र करायच्या म्हटल्या की ते वैभव संपलं. लॉगातून साध्या आकड्यांत यायचं, बेरीज करायची, पुन्हा लॉगात जायचं. एक निरोप सांगायला फेरीबोटीने पलीकडे जाऊन परत यावं, तसं. शिवदासाला हे खुपायचं. बेरजेलाच तेवढा नियम का नसावा?

त्याने तो शोधला. दोन लॉगांची वजाबाकी करायची, त्या फरकापुढे नव्या कोष्टकात जो आकडा असेल तो मोठ्या लॉगात मिळवायचा. झाली राशींची बेरीज. पहिल्यांदा दोन आणि तीन घेऊन पाहिलं. उत्तर आलं ०.६९८९. पुस्तकात पाचाचा लॉग ०.६९९०. शेवटच्या घरात एकाचा फरक. बायको, सुमंगला, चुलीपाशी तांदूळ निवडत होती, ती म्हणाली, "तो एक देवाक."

नियम सापडला, पण त्याचं कोष्टक कुणी करायचं? शून्यापासून एक-एक हजारांशाने दोनपर्यंत, म्हणजे दोन हजार ओळी. पावसाळ्यात खाण बंद असते, तेव्हा दुपारी दोघं पडवीत बसायची. सुमंगला चौथी शिकलेली. ऑफिसातलं जुनं जाड कोष्टक पाटावर उघडून ती आकडे वाचायची, अगदी ग्रंथ लावल्यासारखी, हेल काढून. आणि हा त्यांवरून नव्या कोष्टकाची ओळ लिहायचा. पान भरलं की उलटं. हा वहीतून वाचायचा, ती पुस्तकावर बोट ठेवून प्रत्येक आकड्याला "हां" म्हणायची. पारायणात चूक राहू नये म्हणून आपल्याकडे एक वाचतो आणि एक पाहतो, तीच रीत. तिच्या "हां"शिवाय पान पुरं झालं असं शिवदासाने कधी मानलं नाही.

खाणीवर थट्टा व्हायचीच. सावंतवाडीकडचा बाबाजी ट्रक चालवायचा, तो म्हणाला, "दोन राशींची एक रास करूक तुका नव वर्सा लागली? आमचो लोडर अर्ध्या दिसात करता मरे." शिवदासही हसला. खोटं काय होतं त्यात?

एका सप्ताहात कीर्तन ऐकून परतताना सुमंगलेने विचारलं, "अभंगाच्या शेवटाक नाव येता. तुमच्या ह्या नियमाक कोणाचा?"

"तुजा," शिवदास म्हणाला.

"माका कोण वळखता?" म्हणून तिने पदर तोंडाला लावला, पण दुसऱ्या दिवशी वाचताना तिचा आवाज जरा चढा लागला.

नवव्या पावसाळ्यात, चवथीला आठवडा उरला असताना, तिला ताप आला. शिवदास म्हणाला, आज राहू दे. तिने ऐकलं नाही. घोंगडी पांघरून पाटाशी बसली. एक पूर्णांक सातशे बेचाळीसच्या ओळीपासून तिचा हेल तुटू लागला. पानाच्या शेवटी म्हणाली, "वाईच पडतंय. उलटा वाचूचा मागीर." ते उलटं वाचणं राहिलं ते राहिलंच. पाचव्या दिवशी ती गेली.

उरलेल्या ओळी शिवदासाने एकट्याने पुऱ्या केल्या. त्या पानावर आकडे पायरी चुकल्यासारखे अडखळतात, हे त्याला दिसलं नसेल असं नाही. तेराव्यानंतर एकदा पेन्सिल हातात घेतलीही होती. पण ते पान वाचलं तर "हां" कोण म्हणणार? त्याने वही मिटली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, सुमंगला नियम. आता विद्वानांनी एकदा मान्य केलं, की तिला दिलेला शब्द पुरा होणार होता.

तर त्या दाराआडच्या प्राध्यापक, तेजस्विनीबाई, वयाने लहान, त्याच्या लेकीसारख्या. त्यांनी वह्या उघडल्या आणि बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग नियम बरोबर आहे म्हणाल्या. शिवदासाने डोळे मिटून हात जोडले. त्या उठल्या, ग्रंथालयात जाऊन एक पुठ्ठा सुटलेलं पुस्तक घेऊन आल्या आणि त्याच्यापुढे ठेवून, त्याच्याकडे न बघता, म्हणाल्या, "काका, हे आधीच झालेलं आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी."

भाषा परकी होती, पण आकड्यांना कसली भाषा? फरक शून्य, तर मिळवा ०.३०१०. तेच कोष्टक. तोच नियम. वर कुणा दुसऱ्याचं नाव.

शिवदासाने पाणी मागितलं. ते आणून दिलं, तर तो प्यायला विसरला. बाईंनी समजावलं की कुणी न शिकवता इथवर पोचणं ही लहान गोष्ट नाही. आता तर कॅल्क्युलेटर आले, नाहीतर... आणि मध्येच थांबल्या. त्याने हळूच विचारलं, एक काम कराल का? तुम्ही पुस्तक वाचा, मी वहीत बघतो.

बाईंना तास होता. त्यांनी तो सोडला. इंग्रजीतून एकेक आकडा त्या वाचू लागल्या, आणि शिवदास वहीवर बोट ठेवून "हां" म्हणू लागला. नऊ वर्षं जी जागा सुमंगलेची होती, तिथे तो बसला होता. सगळं जुळत होतं. दुपार कलली, शिपाई दोनदा डोकावून गेला. एक पूर्णांक सातशे बेचाळीसला बाईंनी शेवटी आठ वाचला. "हां" आला नाही. वहीत तीन होता.

त्या पानावर अशा सात ओळी निघाल्या. पुढे शेवटापर्यंत पुन्हा सगळं बरोबर. बाईंनी लाल पेन्सिल त्याच्यासमोर ठेवली. काका, एवढं दुरुस्त केलंत की कोष्टक निर्दोष.

शिवदास त्या ओळींवरून बोट फिरवत राहिला.

"नको, बाय," तो म्हणाला. "बाकी सगळा त्या पुस्तकात आसा. ह्यो सात वळी तेवढ्यो थंय नात."

मग पहिलं पान उघडून त्याने "नियम" हा शब्द एका रेघेने खोडला. नाव तेवढं ठेवलं. वह्या लाल कापडात बांधल्या, गाठ ओढून पाहिली, बाईंना नमस्कार केला आणि बस धरायला चालू लागला.

चला, पखवाज लागला वाटतं. एवढंच मागणं. आज बुवांच्या तोंडून अभंगाच्या शेवटी कुणा संताचं नाव येईल, तेव्हा हात जोडाल ना? तेव्हा मनातल्या मनात सुर्ल्याच्या सुमंगलेलाही एकदा आठवा. तिचं एक पान अजून उलटं वाचायचं राहिलं आहे.