शुभेच्छुक

इश्वरभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माउस शालूकडे ढकलला.

"तूच पाय बाई. माह्या हातात हे यंत्र भलतीकडंच पळते."

भंडाऱ्यातल्या त्या हॉलमध्ये जिल्हाभरातून आलेले अठ्ठावीस पोलीस दोघादोघांच्या जोड्या करून बसले होते. चोरवाटेनं माणसं परदेशात पाठवणाऱ्यांचा माग इंटरनेटवरून कसा काढायचा, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. आजचा दुसरा दिवस. शिकवणारे धर्मेंद्र सर अर्ध्या वर्गापेक्षा वयानं लहान, पण मोजकं बोलणारे आणि कुणालाही चुकीबद्दल घालूनपाडून न बोलणारे. कालपासून त्यांनी तीन गोष्टी सगळ्यांकडून घोकून घेतल्या होत्या. स्वतःच्या खात्यावरून कुणाचं पान उघडायचं नाही. कशालाही पसंती द्यायची नाही. आणि काही दिसलं की आधी स्क्रीनशॉट, विचार नंतर.

"पाठवणारा सापडला नाही तरी चालेल," सर म्हणाले होते. "त्याच्यावर विश्वास कोणी आणि कशाच्या जोरावर ठेवला, ते आधी शोधा."

आजच्या सरावाला प्रत्येक जोडीनं आपल्या भागातलं एक खरं प्रकरण आणायचं होतं. शालूला ते शोधायला कुठं जावं लागलं नव्हतं. अड्याळला तिच्या माहेराच्या भिंतीला लागून मंदाबाईंचं घर. त्यांचा विनोद दसऱ्याच्या आधी युरोपात पॅकिंगच्या कामाला म्हणून गेला. विमानानं कुठल्याशा देशात उतरला, इथून पुढं जंगलातून पायी जायचं आहे, एवढाच निरोप त्यानं पाठवला. त्या निरोपाला आज एक्केचाळीस दिवस झाले होते. मंदाबाई रोज सकाळी शालूला फोन करायच्या, आणि शालू रोज काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची.

विनोदला पाठवलं गावातल्याच तेजरामनं. कबड्डीच्या सामन्यांना ढाली देणारा, लग्नात सगळ्यांच्या आधी पंगत वाढायला उभा राहणारा माणूस. आता मात्र त्यानं साफ कानांवर हात ठेवले होते. 'मी कोणालेच कुठं धाडलो नाही, पोरगा आपल्या मनानं गेला,' असं तो चारचौघांत सांगत होता, आणि त्याला खोटं पाडेल असं कागदपत्र मंदाबाईंकडे काही नव्हतं. होतं ते एका पानाचं नाव, 'गगनभरारी'. जाण्याआधी विनोदनं ते आईला मोबाईलवर दाखवलं होतं.

सरावासाठी दिलेल्या खोट्या नावाच्या खात्यावरून शालूनं ते पान उघडलं. सर्वात वर एक फ्लेक्स होता, आणि तो तिनं लगेच ओळखला.

अड्याळच्या बसथांब्यावर तो महिनाभर लागला होता. मधोमध विनोद, डोळ्यांवर गॉगल, मागं विमान. 'परदेशगमनानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुकांची रांग: दोन मामा, भजन मंडळाचे अध्यक्ष, कबड्डीचा कप्तान, मग तेजराम, त्याच्या फोटोखाली 'विदेशात नोकरीसाठी संपर्क' म्हणून मोबाईल नंबर. आणि शेवटी वर्दीतली, टोपी घातलेली शालू.

फ्लेक्सला फोटो मागितला तर गावाकडे कुणी नाही म्हणत नाही. वाढदिवस असो की निवड, खाली तोंडं किती यावरूनच माणसाचं वजन कळतं, आणि नकार दिला तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. तेजरामनं मागितला तेव्हा शालूनं तीन फोटोंतला चांगला निवडून पाठवला होता. फ्लेक्स लागल्याचं कळल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून ती बघून आली होती. गावात एवढ्या बायका, पण त्या रांगेत ती एकटीच, याचं तिला फार बरं वाटलं होतं.

तिनं पान खाली सरकवलं. आंधळगावच्या कुणीतरी विचारलं होतं, 'भाऊ, काही धोका तर नाही ना?' त्याखाली पानाचं उत्तर होतं, 'फोटो पाहा. पोलीस ताई आपल्याच घरच्या आहेत.' त्याच्याखाली माणसं जमली होती. कुणाला भाच्यासाठी माहिती हवी होती. गोसीखुर्दकडचा कुणी तर दोन पोरांचे पासपोर्ट तयार आहेत म्हणत होता.

स्क्रीनशॉट घ्यायला दोन कळा दाबायच्या होत्या. तिनं बोटं कळांवर ठेवली, पण दाबली नाहीत. पान जरासं सरकवलं तर शेवटचा चेहरा बाहेर राहील आणि नंबर आत येईल, असं तिच्या मनात आलं. तिनं पान वर सरकवून पाहिलं, खाली सरकवून पाहिलं. टोपीचा काठ काही केल्या जाईना.

"अव्वा, हे त माह्या मोबाईलवर लवकर उघडलं," शेजारून इश्वरभाऊ म्हणाले.

शालूनं वळून पाहिलं. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा फोन होता, त्यावर तोच फ्लेक्स, आणि त्याखाली निळा झालेला अंगठा. फ्लेक्स दिसला की दाबायचा, ही त्यांची रोजची सवय. त्यांच्या खात्यावर त्यांचा वर्दीतला फोटो होता.

"भाऊ, तुमी दाबलं."

इश्वरभाऊंनी अंगठा काढला, पुन्हा दाबला, पुन्हा काढला. शालू अजून पान वरखालीच सरकवत होती. पंधरा मिनिटांच्या आत दोन्हीकडे एकच वाक्य दिसू लागलं: हे पान आता उपलब्ध नाही.

सर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "स्क्रीनशॉट घेतला होता?"

"नाही सर," शालू म्हणाली.

"का?"

ती कळफलकाकडे बघत राहिली. ती विसरली, असंच सरांनी धरलं. "होतं असं. म्हणून तर सराव आहे. जेवणानंतर दुसरं प्रकरण घ्या."

शालूला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता तिथं तिचा चेहरा नव्हता, आणि इश्वरभाऊंनीही शेवटपर्यंत रांग काही नीट पाहिली नव्हती. मग आपल्याला सुटल्यासारखं वाटलं, याचीच तिला भयंकर लाज वाटली. तेजरामला विनोदशी जोडणारी एकच गोष्ट तिच्यासमोर होती, आणि ती तिनं टोपीच्या काठासाठी जाऊ दिली होती.

जेवणाची सुट्टी झाली. ती व्हरांड्यात गेली आणि तिनं मंदाबाईंना फोन लावला.

"मावशी, तो विनोदचा फ्लेक्स कुठं हाय?"

"हाय ना. थांब्यावरून आणून धानाच्या पुंजण्यावर झाकला हाय. आभाळ येऊन राहिलं होतं. काहून?"

"त्याच्यावर तेजरामचा नंबर हाय. दिसते काय अजून?"

"दिसते. थोबाडबी दिसते त्याचं. तुया फोटो नाही पण त्याच्यात."

"म्हणजे?"

"कैचीनं कापून घेतली मी. पोराचा फोन बंद झाला ना, तवाच. उद्या कोणी साहेब येऊन पायला असता त तुयी नोकरी गेली असती. मंग माह्या पोराले कोण पायलं असतं?"

"मावशी, तुमी विनोदले माह्या फोटोमुळं जाऊ देलं काय?"

"मंग कोणाच्या?" मंदाबाईंचा आवाज चढला नाही. "तेजरामले त मी लहानपणापासून ओळखतो."

खाली पटांगणात जीप धुणं चाललं होतं.

"तो तुकडा फेकला काय?"

"कायले फेकू? देवाच्या फळीवर ठेवला हाय."

"फ्लेक्सची घडी घालू नका. गुंडाळून ठेवा, मी आज घ्याले येतो. अन् तो तुकडाबी काढून ठेवा."

"तो कायले बाई?"

"लागन तो."

फोन ठेवून ती हॉलमध्ये परतली. धर्मेंद्र सर एकटेच कोपऱ्यात डबा उघडून बसले होते. शालूनं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"सर, स्क्रीनशॉट का नाही घेतला, असं विचारलं होतं तुम्ही."