आठ माशांची वाटणी

“अहो, ते खात नाहीत म्हणून तुम्हीही उपास धरलाय का?” बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

दादा जागचा हलला नाही. तो माशांच्या टाकीला नाक लावून बसला होता. त्याने टाकलेलं चिमूटभर खाणं हळूहळू तळाशी चाललं होतं आणि चारही निऑन मासे फिल्टरच्या नळीमागे दडले होते. दिव्याखाली झळकणारा त्यांच्या अंगावरचा निळा पट्टा धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखा झाला होता.

दादाचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानातला काटा त्याच्या हाताखालून गेलेला. गुंजभर फरक त्याला खपत नसे. त्यामुळे धाकट्या भावाने वेगळं राहायचं काढलं तेव्हा वाटणीही दादानेच केली, आणि अशी चोख केली की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. भांडी तोलली, डाळी तोलल्या, खिळ्यांचा डबासुद्धा तोलला. बाहेरच्या खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. शेवटी उरली ती टाकी. दोघा भावांनी हौसेने मांडलेली, तीन जातींचे मासे गुण्यागोविंदाने नांदणारी. दादाने तेवढीच दुसरी टाकी आणली. गप्पी निम्मे, तळ चाटणाऱ्या जोडीतला एकेक, आणि आठ निऑनांपैकी चार इकडे, चार तिकडे. जाळीतून चौथा उचलला तेव्हा धाकटा एवढंच म्हणाला, “तू मला जन्मभर तोलतच आलास, दादा.”

तेव्हापासून बोलणं बंद. आणि तेव्हापासून दादाच्या पायाला भिंगरी. खाटेवरून टाकीशी, टाकीपासून खिडकीशी, खिडकीपासून पुन्हा टाकीशी. त्याने पाणी बदललं, दिवा बदलला, काचेवर टॉवेल टाकून पाहिला. दुकानात काटा जुळवायला बसला की पारड्यात ठेवलेलं वजन परत उचलायचा आणि कशासाठी उचललं तेच विसरायचा. रात्री भिंतीपलीकडे धाकटा खोकला की ‘औषध घेतलंस का’ हे शब्द ओठांवर येत, आणि तो कूस बदलून झोपेचं सोंग घेई.

शेवटी तो मासेवाल्याच्या दुकानात गेला.

“चारच आहेत? मग घाबरणारच की,” मासेवाला म्हणाला. “ही जात घोळक्यातली, साहेब. घोळका मोठा असला की निर्धास्त फिरतात. अजून चार न्या, बघा कसे खुलतात.”

त्याने जाळी पाण्यात घातलीसुद्धा.

“थांबा,” दादा म्हणाला. इलाज सोपा होता, पण तोच त्याला नको होता. चार नवे आले की आपलं भागलं. मग पलीकडच्या चारांची आठवण काढायचं कारणच उरणार नाही. वाटणी कायमची होऊन बसेल. तो हात हलवत घरी आला.

“जाऊबाई गॅलरीत भेटल्या होत्या,” बायकोने सांगितलं. “तिकडचेही दगडामागून बाहेर येत नाहीत म्हणे. भावजी रोज बॅटरी मारून बघत बसतात.”

दादाने चहा तसाच ठेवला. जाळी घेतली, चारही मासे पाण्याच्या पिशवीत सोडले आणि शेजारचं दार ठोठावलं.

धाकट्याने दार उघडलं. “काय आहे?”

“हे घे. आठही एकत्र राहू देत.”

“अर्धे तुझे आहेत. तूच वाटलेस.”

“चुकलं माझं,” दादा म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून क्वचितच निघालेले. त्याचे त्यालाच परके वाटले. धाकटा बाजूला झाला.

पिशवी लगेच उपडी करायची नसते. आतलं-बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत ती टाकीत तरंगत ठेवावी लागते. तेवढा वेळ दोघे भाऊ टाकीशी उभे राहिले. खुर्ची हाताशीच होती. आता हा ‘बस’ म्हणेल, असं दादाला वाटत होतं. म्हणाला असता तर दादा दिवे लागेपर्यंत उठला नसता.

धाकट्याने पिशवीचं तोंड सोडलं. मासे पाण्यात आले आणि एका जागी थिजले. दगडामागून एक डोकं निघालं, मग दुसरं. बघता बघता आठही जण एका दिशेला वळले आणि टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निघाले.

“दादा, बघ, बघ!” धाकटा लहानपणासारखा ओरडला. त्याने दादाचा दंड घट्ट धरला होता. दादाचे डोळे भरून आले.

मग धाकट्याचा हात सैल पडला. “माझ्याकडे चार जास्त झाले,” तो म्हणाला. “बदल्यात तुला काय देऊ?”

दादाने दंडावरची चुरगळलेली बाही सरळ केली. हा हिशेब त्याला कुणी शिकवला, हे विचारायची सोय नव्हती. “काही नको रे,” तो म्हणाला आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आला.

त्याने पिशवी धुतली, उलटी करून दोरीवर चिमट्याने अडकवली. बायको दारात उभी होती.

“बोलले का भावजी?”

“बोलला तर! बस म्हणाला, चहा घेऊन जा म्हणाला. मीच थांबलो नाही.”

प्लायवूडची भिंत इतकी पातळ होती की पलीकडे चमचा पडला तरी इकडे ऐकू येई.

“हो,” बायको म्हणाली. “ऐकलं मी.” आणि त्याचा गार झालेला चहा तिने पुन्हा गॅसवर ठेवला.