चोवीस खण आणि एक पोते

मित्रांनो, मी एक जुना टपालाचा रॅक आहे. हल्ली माझ्या अंगावर छत्र्या, वर्तमानपत्रे आणि पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचे फिरायला जायचे बूट असतात. त्यामुळे नवीन माणूस मला चपलांचे कपाट समजतो. समजो बापडा. पण मला चोवीस खण आहेत, आणि एके काळी त्यांतल्या तेवीस खणांत तेवीस राज्ये राहत होती. चोविसाव्या खणावर 'पत्ता अपूर्ण' अशी पट्टी होती. उरलेले जग त्यात राहत असे.

मला एका अबोल सुताराने घडवले. त्याने फूटपट्टी बाजूला ठेवली आणि एक लांब पाकीट घेऊन त्याच्या मापाने माझे खण पाडले. तळाच्या फळ्यांना मागच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे पत्र आत गेले की बाहेर डोकावणार नाही. काम झाल्यावर त्याने माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि तो निघून गेला. तेव्हा मला वाटले, ही सुरुवात आहे, पुढे खूप कौतुक होईल. तेवढेच झाले.

टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत मला भिंतीला लावून उभे केले. तिथली मंडळी राज्यांची पूर्ण नावे घेण्यात वेळ घालवत नसत. डोंगर, समुद्र, वाळू, कापूस, कोळसा, अशी सुटसुटीत नावे होती. तेवीस राज्यांना खण मिळाले, आपल्या स्वतःच्या राज्याला मात्र मिळाला नाही. कारण साधे होते. निम्म्याहून जास्त टपाल इथलेच असे, ते खणात मावणार कसे? म्हणून माझ्या डाव्या पायाला एक लोखंडी कडे ठोकून त्यात पोते अडकवले होते. इथले पत्र हाती आले की डावीकडे खाली सोडून द्यायचे.

बावीस वर्षांचा एक तरुण माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि चौतीस वर्षे उभाच राहिला. पत्ता वाचून पत्र त्या त्या खणात लावणे हे त्याचे काम. पुढे सगळे त्याला पोस्टकाका म्हणू लागले, म्हणून आपणही काकाच म्हणू. काका पत्ता वाचत, पण खणाकडे बघत नसत. हात आपोआप जाई. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पाकीट जमिनीवर पडले नाही. एकदा त्यांना मोठी शिंक आली, पण आधी पाकीट वाळूच्या खणात गेले आणि मग शिंक बाहेर आली.

त्यांना एकच खोड होती. ते प्रत्येक पाकीट उलटे करून पाठवणाऱ्याचा पत्ता आहे का ते बघत. नसला की मान हलवून म्हणत, "निघाला शहाणा. परत कुठे यायचं ते कोण सांगणार?"

मित्रांनो, मत्सराचा आजार मला त्याच खोलीत जडला. जरा विचार करा. दिवसाला हजारो पत्रे माझ्या पोटात यायची, दुपारी त्यांचे गठ्ठे बांधले जायचे आणि ती प्रवासाला निघायची. मी तिथेच. त्यातही डोंगराचा खण, तिसऱ्या रांगेतला दुसरा, माझ्या डोळ्यांत सलत असे. कोळशाच्या खणात सरकारी लिफाफे पडत, कापसाच्या खणात लग्नाच्या पत्रिका. डोंगराच्या खणात मात्र गुबगुबीत, रंगीत, कडेला फुले काढलेली पाकिटे. तिथे राहणाऱ्याला पत्र लिहिताना लोक अक्षर का सुधारत, देव जाणे. तो खण माझाच होता, हे मला कळत होते. पण पोटाने नाकाचा हेवा करू नये असा काही नियम नाही.

मग एक यंत्र आले. ते एका तासात काकांच्या एका दिवसाइतकी पत्रे लावत असे आणि शिंकतही नसे. काका निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी विचारले, "आठवण म्हणून काय देऊ?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवले. साहेबांना वाटले, म्हातारा विनोद करतो आहे. दुसऱ्या दिवशी काका हातगाडी घेऊन आले.

न बघता अचूक खण गाठण्यात हयात घालवलेल्या या माणसाने स्वतःच्या घराचे दार मात्र मोजले नव्हते. मी आत जाईना. आडवा केला, उभा केला, तिरका केला. शेवटी इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, जिन्याशेजारी मला ठेवले ते कायमचे. काकू दारातून सगळे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं सवत कचेरीत होती, ते बरं होतं." रोज सकाळी काका चहाच्या आधी मला पुसत, आणि रोज सकाळी काकू भांडी जरा जोरात ठेवत. मला गुदगुल्या होत. माझाही कुणी हेवा करते, ही भावना फार सुखाची असते, मित्रांनो.

हळूहळू इमारतीतल्या प्रत्येक घराने माझा एकेक खण धरला. पोस्टमन सगळ्यांची पत्रे माझ्यातच टाकू लागला. राज्यांच्या पट्ट्या काकांनी काढू दिल्या नाहीत. त्यामुळे डॉक्टरांचे बूट समुद्रात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंची छत्री वाळूत, अशी वाटणी झाली. वादाला सुरुवात बहुधा या पट्ट्यांमुळेच झाली.

रविवारी संध्याकाळी खुर्च्या खाली यायच्या आणि विषय निघायचा: सगळ्यात चांगले राज्य कोणते? डॉक्टर अकरा राज्ये फिरून आले होते. त्यांच्या बॅगेवरच्या विमानाच्या पट्ट्या ते कधी काढत नसत, आणि बॅग वर नेण्याआधी तासभर माझ्याशेजारी ठेवत. वजन खूप आहे, असे सांगत. त्यांचे म्हणणे, माणसाने समुद्राजवळ राहावे. बाई तीनच राज्यांत गेल्या होत्या, पण आकड्यांसकट. त्या म्हणत, समुद्राकाठी कपडे दोन दिवस वाळत नाहीत, कुलपे वर्षात गंजतात आणि मीठ ओले होते. डोंगरात हवा स्वच्छ, माणसे कमी. डॉक्टर म्हणत, कमी असणारच, दवाखाना दोन तास खाली आहे. मग कुणी वाळूच्या राज्यातले आकाश काढायचे, त्यावर कुणी तिथले पाणी काढायचे. राहायला एक आणि बघायला एक, अशी तडजोड निघायची आणि पुढच्या रविवारी मोडायची. दुसरा फिरून आला की तिसऱ्याच्या पोटात दुखे. तो हसतमुखाने विचारी, "पाऊस लागला असेल ना खूप?"

मी सगळे ऐकत असे आणि जळत असे. तेरा वर्षे मी या मंडळींची ओझी वाहिली, पण ओले बूट माझ्या अंगावर ठेवून स्तुती कुणाची, तर डोंगराची.

खरी वेळ आली ती मागच्या वर्षी. काका-काकूंची एकुलती एक लेक त्या डोंगराच्या राज्यात शाळेत शिकवते. तिला शाळेतर्फे मोठे घर मिळत होते. तिने पत्राने कळवले, की आईबाबा कायमचे राहायला येणार असतील तरच ते घर घेते, महिनाअखेरीपर्यंत सांगा. पूर्वेकडे खिडकी असलेली खोली तिने मनात ठरवूनही टाकली होती.

काका त्या पत्रावर काही बोलले नाहीत. काकूही बोलल्या नाहीत. दोघेही एकमेकांना फार सांभाळून घेत होते, त्यामुळे घरात कुणालाच काही कळत नव्हते. मी मात्र ओळखले. सकाळी पुसताना काकांचा हात तिसऱ्या रांगेत, दुसऱ्या खणापाशी थांबू लागला. इतकी वर्षे ज्याचा हेवा केला, तो खण आता माझा माणूस घेऊन चालला होता.

महिन्याचा शेवटचा रविवार होता. तेरा वर्षांच्या वादाचा एकदाचा निकाल लावायचा, असे बाईंनी ठरवले. राहायला सगळ्यात चांगले राज्य कोणते, यावर मतदान. मतपेटी मी. प्रत्येकाने चिठ्ठीवर फक्त आपले नाव लिहायचे आणि ती मनातल्या राज्याच्या खणात टाकायची. एकेकाने पुढे यायचे, बाकीच्यांनी पाठ करायची. पत्रे, छत्र्या काढून मला रिकामा केला. कितीतरी वर्षांनी मी रुबाबात उभा होतो.

मतदार एकूण दहा होते. डॉक्टर समुद्राच्या खणापाशी बराच वेळ घुटमळले. काकू लगेच परत गेल्या. सगळ्यांत शेवटी काका आले. त्यांनी चिठ्ठी हातात धरली, माझ्याकडे न बघता हात हलवला आणि जाऊन बसले. मी श्वास रोखला होता. म्हणजे लाकूड रोखू शकते तेवढा.

बाईंनी मोजले. डोंगराला चार, समुद्राला चार, वाळूला एक.

"नऊच. एक कमी आहे," बाई म्हणाल्या.

शोधाशोध झाली. चिठ्ठी माझ्या डाव्या पायाशी जमिनीवर सापडली. तिच्यावर काकांचे नाव होते.

"डोंगरातून घसरली असणार. लेक तिथे आहे, दुसरीकडे कशाला टाकतील?" असे म्हणून बाईंनी चिठ्ठी उचलली आणि डोंगराच्या खणाकडे हात नेला.

डॉक्टर म्हणाले, "हे बरंय. खाली पडलेली चिठ्ठी नेमकी तुमच्याच डोंगरावर चढते."

मग पडलेले मत बाद की ग्राह्य, यावर दोघांची जुंपली. काका दाराबाहेर बघत होते. विचारले तरी काही बोलेनात.

तेव्हा काकू उठल्या. बाईंच्या हातातून त्यांनी चिठ्ठी घेतली आणि होती तिथेच, माझ्या पायाशी, परत ठेवली.

"ती पडलेली नाही," त्या म्हणाल्या. "टाकलेली आहे."

काकूंनी मग सांगितले, की त्या डबा घेऊन कचेरीत जायच्या तेव्हा दारात उभ्या राहून यांचे काम बघत. बाहेरचे पत्र खणात जाई आणि इथले डावीकडे, खाली, पोत्यात. "चौतीस वर्षांत यांच्या हातून कागद पडलेला नाही. आज पडेल?"

बाईंनी माझ्या पट्ट्या एकेक करून वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. गणित चुकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. आपले राज्य त्यात नव्हतेच. तेरा वर्षे माझ्यासमोर बसून ही मंडळी सगळ्यात चांगले राज्य शोधत होती, आणि राहत होती ते कुणाच्या यादीतच नव्हते. डॉक्टर हळूच उठले, समुद्रातली आपली चिठ्ठी काढली आणि कुणाला काही न सांगता खिशात टाकली.

काका काकूंकडे वळले. "तू कुठे टाकलीस?"

"डोंगरात."

"मला वाटलं, तुझे गुडघे... तुला नको असेल."

"मला जायचंय," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं झाली तिला बघून. तुम्ही विचारलं नाहीत."

"तूही नाही विचारलंस."

मला क्षणभर वाटले, आता मला कुणीतरी मधे बोलायला हवे. पण रॅक बोलत नसतात. काका उठून माझ्यापाशी आले. तिसरी रांग, दुसरा खण. त्यांनी काकूंची चिठ्ठी काढली, उलटी केली, खिशातून पेन काढले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिले. मला ते दिसले. या इमारतीचा पत्ता होता, पाठवणाऱ्याचा पत्ता लिहितात तसा, डाव्या कोपऱ्यात.

"निघायचं तर हे लिहून निघायचं," ते म्हणाले, आणि चिठ्ठी स्वतःच्या हाताने पुन्हा डोंगरात टाकली.

काकूंनी त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला. कायमचे नाही, पण वर्षातले सहा महिने येतो, जमत असेल तर घर घे. लेक रुसली, मग तिने हिशेबीपणे विचारले, की कोणते सहा. घर तिने घेतले.

जाण्याआधी काकांनी एक जुने पोते धुऊन माझ्या डाव्या पायाच्या कड्यात अडकवले. आपली चिठ्ठी त्यात टाकली. मला पुसायचे काम बाईंकडे सोपवले. बाई ठरावीक सोळा वेळा फडके मारतात, कमी नाही, जास्त नाही.

ते गेले आणि मी मनसोक्त जळलो. आठवडाभर माझी फळी करकरत होती. मग एक दिवस पोस्टमनने डोंगराचे चित्र असलेले एक कार्ड आणले. कार्ड काकूंचे होते, पण पत्त्यावर एकाचे नाव नव्हते. 'इमारतीतले सगळे' असे लिहिले होते. डॉक्टर बूट घालायला खाली आले होते. त्यांनी कार्ड वाचले, पुन्हा वाचले आणि ठेवायचे कुठे म्हणून माझे चोवीस खण चाळले. सगळ्यांचा असा खण नव्हता. शेवटी ते कंबर धरून वाकले आणि कार्ड डावीकडे, खाली, पोत्यात सोडले.

मित्रांनो, इथे माझा मत्सर संपला असे सांगितले, तर तुम्हाला बरे वाटेल. पण खोटे कशाला बोलू? डोंगराचा हेवा मला आता वाटत नाही. आता मला पोत्याचा वाटतो.

तुम्हाला एवढेच सांगणे आहे. जुन्या लाकडावर ओले बूट ठेवू नका. कुठेही जा, अकरा राज्ये फिरा, बॅगेच्या पट्ट्याही मिरवा. फक्त निघण्याआधी मागच्या बाजूला परतीचा पत्ता लिहा. काकांच्या पोत्यात अजून भरपूर जागा आहे.