दोनशे बारा माणसं आणि मी

मित्रांनो, मी हंगेरीतल्या तिसा नदीकाठच्या एका जिल्ह्याचा जुना नकाशा आहे. मोजणीदारांनी दोन उन्हाळे पायी फिरून मला तयार केलं. कापडावर चिकटवून मला जिल्हा कचेरीत टांगलं. सहा तालुके, एकशे चार गावं. त्यातली बहुतेक हजार वस्तीच्या आतली.

एटेल्काबाई लोकसंख्येचं काम बघत. दर जानेवारीत त्या प्रत्येक गावाशेजारचा आकडा खोडून पेन्सिलीनं नवा लिहीत. आकडा बहुधा कमीच व्हायचा. पाहुणे आले की साहेब मला कौतुकानं दाखवत. पुढे संगणक आले आणि मला बाहेरच्या बोळकांडीत हलवलं. तिथे लोक माझ्यावर कोट अडकवत; बाई मात्र दर जानेवारीत आकडे लिहीतच राहिल्या.

एका मार्चमध्ये डोंगरातला बर्फ वितळला आणि तिसा फुगली. किशहार्श गाव रिकामं करायचं ठरलं. कचेरीचे तेव्हाचे प्रमुख बार्नाबाशसाहेब ट्रक खालच्या रस्त्यानं धाडणार होते; संगणकावर तोच जवळचा दिसत होता. एटेल्काबाईंनी त्यांना बोळकांडीत आणलं आणि कोट बाजूला सारले. गावाखालून जाणारं नदीचं जुनं, बुजवलेलं पात्र माझ्यावर निळ्या शाईत होतं.

"बाई, हा नकाशा माझ्या आजोबांच्या वयाचा आहे," साहेब म्हणाले.

"नदी त्याहून म्हातारी आहे, साहेब. ती आपल्या जुन्या वाटेनंच येणार."

साहेबांनी त्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं; ती खालच्या रस्त्याला छेदून जात होती. मग त्यांनी ट्रक टेकडीवरून फिरवले. संध्याकाळी खालचा रस्ता पाण्यात गेला.

ट्रकमधून दोनशे अकरा माणसं उतरली. माझ्यावर किशहार्शशेजारी दोनशे बारा लिहिलेलं होतं. बाईंनी पुन्हा मोजायला लावलं आणि एक ट्रक परत पाठवला. लोरिंत्स नावाचे म्हातारबुवा माळ्यावर बदकांना घेऊन बसले होते. "आधी बदकं चढवा," एवढंच ते बोलले. ट्रकबरोबरच्या जवानांनी आधी बदकं चढवली.

पूर ओसरल्यावर चौदा माणसं गावी परतलीच नाहीत. शहरात मुलांकडे राहिली. पुढच्या जानेवारीत बाईंनी एकशे अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर माझ्यावर कुणी काही लिहिलेलं नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू म्हणून मला काचेत बसवू नका. वर्षातून एकदा किशहार्शला जा, घरोघर विचारा, आणि जेवढी माणसं असतील तेवढा आकडा माझ्यावर लिहा.